कदमकाकांचा कप आणि तीन मजली विमानतळ

ज्या कुणी आमच्या विमानाचं पुढचं चाक उचलून नेलंय, त्याने ते मुकाट्याने परत आणून ठेवावं. मी नाव घेत नाही. घेणार कुठून, मला ठाऊकच नाही! पण आहे तो आपल्यातलाच. मंडळाच्या वरच्या खोलीत बाहेरचं माणूस कशाला चढतंय? चाक मसुराच्या दाण्याएवढं आहे, काळं आहे, आणि त्याचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही. ते रंगवताना मी श्वास रोखून धरला होता. खिशात घालताना एवढं तरी मनात आणायचं होतंत!

असो. चार माणसं उन्हाळाभर एका टेबलाभोवती बसली की त्या टेबलावर मॉडेल कमी आणि किस्से जास्त तयार होतात. मॉडेल गणपतीनंतर पेटीत गेलं. किस्से अजून खोलीभर सांडलेत. कुणी झाडून टाकायच्या आत सांगून मोकळी होते.

*

सुरुवात झाली मंडळाच्या सभेत. विषय नेहमीचा : यंदा गणपतीला देखावा काय करायचा?

"थर्माकोलचं देऊळ," नाना म्हणाले. नाना म्हणजे आमचे कार्यवाह. मी शाळेत होते तेव्हाही नाना हेच म्हणायचे आणि तेव्हाही हेच व्हायचं.

मी उभी राहिले. मला बसून बोलता येत नाही.

"ज्या शहराच्या डोक्यावरून लढाऊ विमानं जातात," मी म्हटलं, "जिथे मॅडम शिकवता शिकवता वाक्य अर्धं सोडून आवाज जाईपर्यंत थांबतात, त्या ग्वाल्हेरात आपण अजून थर्माकोलची देवळं करतोय! वर काय गेलं, ते कोण उडवतं, खाली उभं राहून कोण दुरुस्त करतं, हे आपल्या मुलांना कधी कळणार? आपला देखावा बघून एक तरी मूल वर बघायला शिकलं पाहिजे!"

सभा शांत झाली. कुणी खोकेना. मला वाटलं, जिंकली.

नानांनी इतिवृत्ताच्या वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं. मग म्हणाले, "म्हणजे थर्माकोलचं विमान?"

*

आमचा प्रसन्न सिव्हिल इंजिनियर आहे. दौलतगंजात राहतो आणि प्लॅन काढल्याशिवाय चहासुद्धा गाळत नाही. पुढच्या सभेत तो गुंडाळी घेऊन आला.

"ह्याला डायोरामा म्हणतात," त्याने सांगितलं. "नुसतं मॉडेल नाही. मॉडेल ज्या जगात राहतं, ते सगळं जगच छोटं करून मांडायचं. आपला तीन मजली. खाली हँगर, तिथे विमानं दुरुस्त होतायत. मधे धावपट्टी. आणि वर आकाश, तिथे पारदर्शक काड्यांवर उडणारी विमानं."

"आणि बाप्पा?" नानांनी विचारलं.

"बाप्पा पुढे. खाली. चौरंगावर."

"म्हणजे बाप्पाच्या डोक्यावरून विमानं जाणार?"

सभेत गलका झाला. कुणी म्हणालं अपशकुन, कुणी म्हणालं अपमान. प्रसन्नने गुंडाळी पुन्हा गुंडाळायला घेतली. मी उभी राहणार तेवढ्यात शेवटच्या रांगेतून आवाज आला. कदमकाका! हवाई दलातून वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले, दर्पण कॉलनीत राहणारे. सभेला नियमाने येणारे आणि नियमाने गप्प बसणारे.

"बाप्पाला सगळ्यात वर बसवा," काका म्हणाले. "कंट्रोल टॉवर. त्यांच्या परवानगीशिवाय एकही उडत नाही."

ठराव सर्वानुमते पास!

*

धावपट्टीसाठी काळा पॉलिश पेपर सगळ्यात भारी दिसतो. बारीक दाण्याचा, हुबेहूब डांबर. प्रसन्न आणि मी हजीऱ्याच्या बाजारातल्या एका हार्डवेअरच्या दुकानात गेलो.

"भैया, काला रेगमाल. पूरा बंडल."

"घिसना क्या है?" दुकानदाराने विचारलं. "लकड़ी है कि लोहा?"

"घिसना कुछ नहीं है. रनवे बनाना है."

दुकानदाराने आमच्याकडे पाहिलं. मग दुकानाबाहेर, वर आकाशाकडे पाहिलं. मग बंडल काउंटरवर ठेवत म्हणाला, "एक तो है महाराजपुरे में, एयरफोर्स का. कम पड़ रहा है क्या?"

*

आता कदमकाकांबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे.

सभेनंतर काका आपणहून वरच्या खोलीत आले. टेबलाला एक फेरी मारली आणि म्हणाले, "करताय तर नीट करा. मला हिला दाखवायचंय."

ही म्हणजे कदमकाकू. काकांच्या नोकरीची शेवटची बरीच वर्षं ग्वाल्हेरातच गेली. काकूंनी रोज डबा भरून दिला आणि तो डबा कुठे उघडला जातो हे कधी पाहिलं नाही.

"पण फॅमिली डेला नेत असतील ना?" मी विचारलं.

"नेलं होतं की. शामियाना, समोसे, आणि लांबून एक धुतलेलं विमान. मी असायचो ती जागा थोडीच दाखवतात!" काका खुर्चीत बसले. "ती अजून विचारते. म्हणते, तुम्ही दिवसभर असायचात तरी कुठे?"

मी वही काढली. "काका, तुम्ही सांगा, आम्ही तस्सं करतो. हँगरचं दार कुठल्या बाजूला होतं?"

"ते सांगता यायचं नाही."

"बरं. आत किती विमानं?"

"ते सांगता यायचं नाही."

"गवत होतं का हो बाजूला?"

"ते सांगता यायचं नाही."

प्रसन्न चिडला. "काका, कँटीनमधे समोसा तरी मिळायचा का?"

काकांनी दाराकडे पाहिलं. आवाज खाली आणला. "मिळायचा. पण हे बाहेर बोलू नका."

*

मग करायचं काय? आम्ही अंदाजाने करत गेलो. काका रोज संध्याकाळी यायचे, खुर्चीत बसायचे. खालच्या टपरीवरून चहा यायचा. काका मॉडेलकडे बघायचे. एक शब्द नाही!

प्रसन्नच्या लक्षात आलं. ज्या दिवशी आम्ही पाण्याची टाकी हँगरच्या मागे ठेवली, त्या दिवशी काकांनी चहाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी टाकी पुढे आणली. काकांनी कप उचलला आणि संपवला.

"मुक्ता," प्रसन्न कुजबुजला, "काका चहातून बोलतात."

मी म्हटलं, काहीतरीच. म्हणून परीक्षा घेतली. शिडी डावीकडे लावली : चहा थंड. शिडी उजवीकडे लावली : चहा खलास!

त्यानंतर आमचं काम झपाट्याने चालू झालं. बाकीचे लोक नकाशे बघून मॉडेल करतात. आम्ही कप बघून केलं.

*

माझा एक दोष आहे असं प्रसन्न म्हणतो. मी म्हणते तो गुण आहे. मला वाट बघवत नाही. विमानाला रंग दिला की तो वाळेपर्यंत दुसरीकडे जाऊन बसायचं असतं. का बसायचं? देशात एवढी कामं पडली आहेत आणि आपण रंग वाळताना बघत बसायचं? मी बोट लावून बघते. रोज बघते. एकूण एक विमानावर माझा अंगठा उमटलाय.

प्रसन्न भिंगातून बघत म्हणाला, "कमाल आहे यार. राशनच्या मशीनवर तुझा अंगठा कधी लागत नाही. इथे काय सुंदर आलाय!"

*

चाक गेलं ते ह्याच दिवसांत. धावपट्टीवर उभं करायचं आमचं सगळ्यात देखणं मिराज, आणि त्याचं पुढचं चाक गायब! सतरंजी झटकली, चपला उलट्या केल्या, नानांना उभं करून त्यांची खुर्ची तपासली. नाना अजून रागावलेत. चाक नाहीच.

विमान नाक घासून बसलं. मी रडायच्या बेतात. प्रसन्नने प्लॅन पाहिला आणि म्हणाला, "धावपट्टीवर उभं राहत नाही ना? मग दुरुस्तीला टाकू."

ते खालच्या मजल्यावर हँगरमधे गेलं. नाकाखाली काडेपेटीच्या काड्यांचा टेकू दिला. बोटाच्या पेराएवढी सात माणसं मी रंगवली होती. त्यातली पाच धावपट्टीवर होती. उरलेली दोन विमानापाशी ठेवली : एक उभा, एक पंखाखाली स्टुलावर बसलेला. तरी कोपरा मोकळा वाटत होता. प्रसन्नने एका खेळण्यातली मोटार काढली, पत्र्याची पाती केली आणि तिथे उभा पंखा करून ठेवला. बॅटरीवर खराखुरा फिरणारा!

काका आले. वाकले. हँगरमधे बराच वेळ बघत राहिले. खुर्चीत बसून चहा संपवला.

मग म्हणाले, "अजून एक मागव."

दुसरा कप! असं कधीच झालं नव्हतं. आम्ही एकमेकांना टाळी दिली. का दिली ते आम्हालाही नीट माहीत नव्हतं. तरी त्या चोराचे आभार मी मानणार नाही.

*

जून महिना, तापल्या वाऱ्याची लू सुटलेली, रस्त्यावर कुत्रं नाही. काका ऊन उतरायच्या आधीच आले. वरच्या मजल्यावरचं विमान तिरकं वाटतंय का बघायला टेबलावर ओणवे झाले, आणि त्यांच्या शर्टाच्या खिशातून काहीतरी सुटलं.

कांदा!

अख्खा कांदा पडला तो नेमका मधल्या मजल्याच्या टोकाला. तिथून धावपट्टीवर, मधल्या पांढऱ्या रेघेवरून, सरळ. त्याने इंधनाचा ट्रक उडवला, झेंडी दाखवणारा माणूस आडवा केला, दोन विमानांना धडक दिली आणि पट्टीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन शांत उभा राहिला.

प्रसन्न म्हणाला, "लँडिंग मात्र परफेक्ट."

काकांनी कांदा उचलून खिशात परत घातला. चेहरा पडला होता. "हिची सवय. लू लागू नये म्हणून. नोकरीत होतो तेव्हापासून उन्हाळाभर रोज खिशात घालते."

"पण काका, आता तर तुम्ही निवृत्त झालात!"

"तू सांग तिला," काका म्हणाले.

*

आणि जुलैत घात झाला. हँगरचं छत बसवलं त्याच दिवशी काकांनी चहा सोडला.

पहिल्या दिवशी वाटलं, छत उंच झालं असेल. खाली घेतलं. दुसऱ्या दिवशी कप तसाच. दार सरकवलं. कप तसाच. टेकू बदलला, शिडी हलवली, पंखा काढून टाकला. कप तसाच, वर साय धरलेली! काका येत होते, बसत होते, कपाकडे बघत होते आणि उसासा टाकून घरी जात होते.

"पूरा का पूरा गलत है," प्रसन्न डोकं धरून म्हणाला.

मग मी जे करायचं ते केलं. अख्खा खालचा मजला उचकटला. छत, भिंती, फरशी, सगळं. महिन्याचं काम तासाभरात टेबलाखाली. चुकीचं काही काकूंना दाखवण्यापेक्षा काही नसलेलं बरं, असं एक छोटं भाषणही मी प्रसन्नला ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दर्पण कॉलनीत गेले. काका भाजी आणायला बाहेर पडले होते. मी काकूंना म्हटलं, "काकू, काका आमच्यावर नाराज आहेत का?"

"नाही गं बेटा. का?"

"चहा घेत नाहीत."

"अगं, डॉक्टरनी साखर बंद केलीय! तुमच्या टपरीवाल्याचा चहा म्हणजे नुसता पाक. तुम्हाला सांगायला लाजत असतील." मग काकूंनी सुस्कारा टाकला. "नाहीतर ह्या माणसाला कशाने काही होत नाही. उभा जन्म त्या तापल्या डांबरावर उन्हात काढलाय ह्यांनी. मी बघितलं नाही, पण मला काय कळत नाही?"

मी खुर्ची ओढली. आणि सगळं सांगून टाकलं : टाकी, शिडी, कप, थंड चहा, खलास चहा, आणि आदल्या दिवशी उचकटलेला मजला. काकू पदर तोंडात धरून हसत राहिल्या. डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या.

"ह्यांना सांगू नकोस हं मला कळलं ते," त्या म्हणाल्या.

प्रसन्नचा प्लॅन होता म्हणून मजला पुन्हा उभा राहिला. पंखासुद्धा होता तिथेच परत बसवला. बिनसाखरेचा चहा मागवला. काकांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, आणि संपवला.

*

गणपतीत देखावा लागला. बाप्पा सगळ्यात वर, टॉवरमधे. पहिल्या संध्याकाळी इतकी गर्दी की नाना जिन्यात उभे राहून लोकांना सोडत होते आणि प्रत्येकाला सांगत होते, "थर्माकोल अजिबात नाही!"

काकू मात्र आल्या दुसऱ्या दिवशी दुपारी. खोलीत गर्दी नव्हती. नाना, प्रसन्न आणि मी. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि त्यांचे हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. काकूंच्या हातात थर्मास होता.

त्यांनी आधी बाप्पाला नमस्कार केला. मग आकाश पाहिलं. मग धावपट्टी. मग कंबरेवर हात ठेवून खाली वाकल्या आणि हँगर पाहिलं. पंखा फिरत होता. सगळं शांतपणे, पोळ्या मोजाव्यात तसं पाहिलं आणि सरळ झाल्या.

"सुंदर केलंय पोरांनी. ह्यातले तुम्ही कुठले?"

काकांनी छताकडे पाहिलं. घसा खाकरला. ह्याच क्षणासाठी हा माणूस उन्हाळाभर जिने चढला होता! मी डोळ्यांनी त्यांना खुणावत होते, सांगा, सांगा.

"ते," काका म्हणाले, "सांगता यायचं नाही."

माझा तोल गेला. "काका! तुम्ही रिटायर झालात, हँगर पुठ्ठ्याचं आहे, बायको तुमची आहे! आता कुणापासून लपवताय?"

काकांचे ओठ हलले. पण इतक्या वर्षांची सवय. शब्द बाहेर येईना. ते माझ्याकडे असं बघायला लागले, जणू मीच त्यांना मदत करायला हवी होती.

काकूंनी मला हातानेच गप्प केलं. थर्मास उघडला, कपात चहा ओतला आणि तो काकांच्या हातात दिला.

मग त्यांनी धावपट्टीवरच्या झेंडीवाल्या माणसावर बोट ठेवलं आणि काकांकडे पाहिलं.

काका कप धरून उभे.

इंधनाच्या ट्रकपाशी उभा असलेल्यावर बोट ठेवलं. कप जागचा हलला नाही. शिडीवाला. कप तसाच. उन्हातले सगळे झाले. एकेका माणसावर त्या थोडं थांबत होत्या. प्रसन्नने माझा हात घट्ट धरला होता.

काकूंचं बोट धावपट्टीच्या कडेवरून खाली उतरलं. हँगरमधे. विमानापाशी उभा असलेला. नाही.

मग पंखाखाली, स्टुलावर बसलेला.

काकांनी कप तोंडाला लावला. एक घोट. दुसरा. सगळा चहा संपवून त्यांनी रिकामा कप काकूंसमोर धरला.

काकू पुन्हा वाकल्या. त्या छोट्या माणसाकडे बघितलं. त्याच्या डोक्यावरचं छत बघितलं. त्याच्या तोंडासमोर गरगर फिरणारा पंखा बघितला. खूप वेळ बघितला.

मग कंबरेवर हात ठेवून सरळ झाल्या.

"पंखा होता?" काकू म्हणाल्या. "आणि मी वेडी उन्हाळाभर खिशात कांदे कोंबत बसले!"